खरखरीसह

बीटल्सवरच्या आमच्या प्रेमाची कबुली साहित्याच्या वर्गात देण्याचे धैर्य आम्हांला फार उशिरा आले. ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्याने लिव्हरपूलच्या चार पोरांपायी रात्री जागवाव्यात, हे सांगणार तरी कुणाला? पण गेल्या वर्षी एका कॅसेटने अशी काही अडचण उभी केली, की ती साहित्याच्या अभ्यासकांपुढेच मांडावी असे वाटले.

१९७८च्या सुमारास सांगलीत आम्ही आणि एक मित्र भाड्याच्या खोलीत राहत असू. तबकड्या परवडत नव्हत्या. मित्राला त्याच्या मामाने टेपरेकॉर्डर दिला होता. शॉर्टवेव्हवर गाणे लागले की तो रेडिओपुढे धरायचा आणि श्वास रोखून बसायचे. 'हिअर कम्स द सन' असेच मिळाले. जॉर्ज हॅरिसनने १९६९च्या वसंतात एरिक क्लॅप्टनच्या बागेत रचलेले हे गाणे आमच्यापर्यंत पोचले ते गाजेसारखी वरखाली होणारी खरखर सोबत घेऊन. सुरुवातीच्या गिटारीवरच मित्राचा दबका आवाज आहे : "गप रे, लागलंय!" आम्ही काहीतरी बोलत होतो; बहुधा भाड्याविषयी.

जॉर्ज मित्राचा विशेष लाडका. जानेवारी १९६८मध्ये त्याने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांकडून वाजवून घेतले होते; 'द इनर लाइट'चा वाद्यमेळ तिथलाच. तेवढ्या आधारावर मित्र त्याला 'आपला जॉर्ज' म्हणे. १९८०च्या डिसेंबरात जॉन लेननची हत्या झाली, २००१च्या नोव्हेंबरात जॉर्ज गेला. दोन्ही वेळा आम्ही एकत्र बसून हीच कॅसेट ऐकली. २०२१ साली मित्रही गेला. गेल्या वर्षी त्याच्या लेकीने कॅसेट संगणकावर उतरवली आणि विचारले, "काका, खरखर काढून देऊ?"

आम्ही चटकन होकार दिला, कारण डोळ्यांसमोर 'नाऊ अँड देन' होते. लेननने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, न्यूयॉर्कच्या घरी, पियानोवर बसून साध्या कॅसेटवर हे गाणे नोंदवले होते. १९९५मध्ये उरलेल्या तिघांनी ते पुरे करायचा प्रयत्न केला, पण पियानोतून आवाज सुटा होईना. काम सोडून द्यावे लागले. पुढे पीटर जॅक्सनच्या 'गेट बॅक' या मालिकेसाठी घडवलेल्या तंत्राने तो सुटा झाला आणि २०२३च्या नोव्हेंबरात गाणे प्रसिद्ध झाले. एकनाथांनी १५८४मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्याच जातीचे हे काम आहे असे आम्ही उत्साहाने लेकीला सांगितलेही.

दोन दिवसांनी गाणे आले. लख्ख होते. फक्त "गप रे" नव्हते. यंत्राच्या लेखी तीही खरखरच.

प्रतीचे शुद्धीकरण शिकवताना एक गोष्ट आम्ही गृहीत धरत आलो होतो : मूळ काय आणि भर काय, हे संपादकाला ठाऊक असते. इथे तेच ठरेना. गाणे जगभर कुठेही मिळते. ते वाचवण्याची गरजच नाही. जे दुसरीकडे कुठेही नाही, ते त्या दोन शब्दांत आहे. आमच्या प्रतीत मित्र हीच संहिता होती आणि बीटल्स हा प्रक्षेप!

मग आम्ही उलटे मागितले : गाणे काढ, बाबांचा आवाज ठेव. तिने तेही करून दिले. ते ऐकताना मात्र आम्ही दोघेही अवघडलो. सुट्या, कोरड्या शांततेत कुणी अनोळखी माणूस दटावत होता. ज्यासाठी गप्प राहायचे, तेच नाहीसे झाले होते.

तेव्हा 'नाऊ अँड देन' आम्हांला नव्याने ऐकू आले. लेननचा आवाज नुसता सुटा करून कुणी आपल्या हाती दिला नाही. त्याच्याभोवती पॉलने बास वाजवला, रिंगोने ड्रम. जॉर्जची १९९५मधली गिटार राखली गेली, आणि जॉर्जच्या ढंगाची स्लाइड गिटार पॉलने स्वतः वाजवून त्यात घातली. मागे राहिलेल्यांनी गेलेल्याला पुन्हा सोबत दिली. शुद्धीकरण ही त्याची निम्मीच वाट होती.

आम्हांला बास वाजवता येत नाही. म्हणून लेकीला सांगितले, की मूळ कॅसेट आहे तशीच, खरखरीसह, उतरवून ठेव. तिने दोन प्रती केल्या. एक तिच्याकडे, एक आमच्याकडे. ऐकताना आता आम्ही "गप रे"च्या पुढचे काही क्षण विशेष कान देऊन ऐकतो. तिथे बोलणे थांबलेले आहे. ते थांबणे आमचे आहे. त्या प्रतीतला आमचा वाटा तेवढाच.