मांडीवरचं बाळ

अहिल्यानगरहून शिर्डीला निघालेल्या गाडीत तान्हं बाळ हमखास आईच्या मांडीवर असतं, तेही पुढच्या सीटवर. माया खरी, पण हिशेब वेगळा. ताशी 50 किलोमीटर वेगातली गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर 5 किलोचं बाळ जवळपास 70 किलोंच्या ओढीने पुढे फेकलं जातं. ते कुठले हात धरणार? कॅनडात तान्ह्या बाळाचं आसन मागे तोंड करूनच लावतात, त्यावर मेपलच्या पानाचं सुरक्षाचिन्हही लागतं. आपल्याकडे 2019च्या मोटार वाहन दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास 1000 रुपये दंड आहे. पावती फाडलेली कुणी पाहिली, हा भाग निराळा. आसन महाग म्हणाल, तर बारशाचा मांडव कुठे स्वस्त असतो? बाळ रडतं, हे मात्र खरं. मग गाडी बाजूला थांबवून घ्यावं. आजोळच्यांनो, यंदा पाळण्याबरोबर कारसीटही आणा.