हातमोजे काढून

आकडा ६९.८ वर आला की मी थांबतो. ‘एल्डन रिंग’ या खेळात आपल्या माणसाला जेवढं वजन पेलतं, त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आत चिलखत, तलवार, ढाल, ताईत असं सगळं बसवावं लागतं. आत बसलं तर तो चपळ कोलांटी घेऊन वार चुकवतो. सत्तरला टेकलं की तोच माणूस धान्याच्या पोत्यासारखा जमिनीवर आदळतो आणि उठेपर्यंत दुसरा वार बसलेला असतो. त्या शेवटच्या दशांशासाठी मी अर्धा अर्धा तास यादी वरखाली करत बसतो. छातीचं राहू दे, पायांचं हलकं घे, शिरस्त्राण बदलून बघ. बहुतेक रात्री शेवटी हातमोजे जातात. डोकं, धड, हात आणि पाय या चार भागांत अंग वाचवण्याचं सगळ्यांत मोठं काम धडावरचं चिलखत करतं, हातमोजे सगळ्यांत कमी.

हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ‘डार्क सोल्स’ २०११ साली आला. मी तो उशिरा खेळलो. त्यात हावेल नावाच्या योद्ध्याचं दगडी चिलखत मिळतं. ते मिळालं तेव्हा वाटलं, आता कोण काय करणार आपल्याला. अंगावर चढवलं आणि ऑर्नस्टाइन-स्मॉ या जोडीसमोर जाऊन उभा राहिलो. एकाच्या हातात घण, दुसऱ्याच्या हातात विजेचा भाला. घणाचा एखादा फटका सोसायचो, पण वळून बाजूला होईपर्यंत भाला छातीशी आलेला असायचा. सलग चार रात्री मेलो. त्या खेळात पेलवणाऱ्या वजनाच्या पाव हिश्श्याच्या आत राहिलं तर माणूस चपळ, निम्म्याच्या आत मध्यम, निम्म्यापलीकडे जड. मी पार पलीकडे होतो. आई मागून जाता जाता थांबली, पडद्यावरचा तो दगडी माणूस बघितला आणि म्हणाली, “इतलं वझं लिसन तू पयशी कसा?”

आई हे सहज बोलली, पण तिला त्यातलं कळत होतं. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर तिने कित्येक हंगाम काढले आहेत. पाऊस सरला की बाजारात ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात. व्यापारी ती विकत घेऊन शहराबाहेरच्या मोकळ्या रानात वाळत घालतात. लांबून बघितलं तर जमिनीवर कुणी लाल सतरंजी अंथरल्यासारखं दिसतं. जवळ गेलं की नाकाडोळ्यांना पाणी सुटतं. त्या कामाला जाताना आईची तयारी ठरलेली असे. लुगड्यावरून वडिलांचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. जुन्या सुती साडीचा तुकडा आधी कानांवरून, मग नाकातोंडावरून दोन वेढे, गाठ मानेच्या मागे. तुकडा सुतीच हवा, कारण घाम टिपतो आणि श्वास अडत नाही. पायांत जुने मोजे.

हात मात्र उघडे. कुणीतरी एकदा रबरी हातमोजे दिले होते, ते तिने दुपारपर्यंतही ठेवले नाहीत. मिरचीचा देठ खुडायचा तर तो कुठे संपतो हे बोटांच्या टोकांना कळावं लागतं. हातमोज्यात बोट आंधळं होतं आणि मिरची मधेच मोडते. मजुरी किलोवर असे. म्हणून सकाळी हातांना खोबरेल तेल चोळायचं, संध्याकाळी पुन्हा चोळायचं आणि रात्री आग झाली तर सोसायची. तिच्या बोटांची कातडी मी जवळून बघितली आहे. नखांच्या कडेला ती तांबूस, कागदासारखी पातळ झालेली असे. जिथे इजा सगळ्यांत जास्त, तोच भाग उघडा ठेवणं तिला आवडत होतं असं नाही. पण झाकला तर कामच होत नव्हतं.

खेळात चिलखत निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. हे घालून काम होणार आहे का? संरक्षणाचा आकडा त्यानंतर.

तो आकडाही एकच नसतो. नवखे खेळाडू मोठा आकडा बघतात आणि तेच उचलतात. ‘एल्डन रिंग’मध्ये नुसत्या शस्त्राच्या माराचे चार प्रकार आहेत: साधा, ठोकणारा, चिरणारा आणि भोसकणारा. शिवाय जादू, आग, वीज आणि पवित्र शक्ती हे वेगळे. कड्यांचं किंवा पत्र्याचं चिलखत चिरणारी तलवार चांगली अडवतं, पण गदेचा ठोका पत्र्यातून हाडापर्यंत जातोच. प्रत्यक्षातही तसंच होतं, म्हणून तर जगभरच्या चिलखती योद्ध्यांविरुद्ध गदा वापरात राहिली. समोर कोण आहे ते न बघता घातलेलं महागडं चिलखत म्हणजे उन्हाळ्यात घेतलेली घोंगडी.

याच खेळात जमिनीखाली लाल सडीचं एक तळं आहे. त्यात पाय टाकला की अंग सडायला लागतं. तिथे लोखंडाचा उपयोग नाही. तिथे रोगाला अटकाव करण्याचा आकडा बघायचा आणि त्यात अळंबीने मढलेला एक विचित्र वेष भल्या भल्या राजचिलखतांना मागे टाकतो. त्या तळ्यातून मी पहिल्यांदा गेलो ते २०२२ मध्ये, आणि मला सतत यवतमाळ आठवत होतं. २०१७ च्या हंगामात तिथे कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर संरक्षक किटची चर्चा गावोगाव झाली: मास्क, चष्मा, हातमोजे, अंगभर ॲप्रन. आमच्याकडे शहादा-तळोद्याच्या पट्ट्यातही कापूस आहे, फवारणी आहे. भर दुपारी, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, वारा नसताना, पाठीवर पंप घेऊन तो प्लास्टिकचा ॲप्रन मी स्वतः घालून बघितला आहे. पाऊण तासात डोळ्यांपुढे अंधारी आली. लोक किट घालत नाहीत म्हणून त्यांना बेफिकीर म्हणणाऱ्यांनी एकदा तेवढा पाऊण तास काढावा. जे चिलखत अंगावर टिकत नाही ते पेटीतच राहतं, आणि पेटीतलं चिलखत कुणाला वाचवत नाही. किट बनवणाऱ्यांनी आमच्या उन्हाचा हिशेब आधी मांडायला हवा होता. खेळ बनवणारे तो मांडतात. तिथे प्रत्येक वस्तूपुढे तिचं वजन लिहिलेलं असतं.

‘स्कायरिम’ या खेळाने मला वेगळी गोष्ट शिकवली. तिथे संरक्षणाला छत आहे. शस्त्राचा मार जास्तीत जास्त ८० टक्के कमी होतो. चारही भाग अंगावर असतील आणि ढाल नसेल, तर ते छत ५६७ या आकड्याला गाठलं जातं. त्यापुढे हजार करा नाही तर दोन हजार, उरलेले वीस टक्के लागणारच. मी लोहारकाम वाढवत, गवती औषधं पीत, आठशेच्या वर गेलो होतो, तेव्हा हे समजलं. समजल्यावर आधी राग आला, मग हायसं वाटलं.

निवडीची माझी आजची रीत मात्र सारंगखेड्याला शिकलो. शहादा तालुक्यात, तापीकाठी, दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यातला घोडेबाजार देशभर ठाऊक आहे. एका साली एक घोडा उभा होता, अंगावर भरजरी झूल, गळ्यात घुंगरांच्या माळा, डोक्यावर कलगी. भोवती गर्दी. एक म्हातारे गिऱ्हाईक आले, त्यांनी किंमत विचारलीच नाही. “आधी सगळं उतरवा,” म्हणाले. झूल निघाली, माळा निघाल्या, खोगीरसुद्धा निघालं. मग त्यांनी घोडा मोकळ्या जागेत फिरवायला लावला आणि डोळे बारीक करून त्याची रेवाल चाल बघत राहिले. पाऊल कुठे कचरतं, कुठल्या खुरावर भार देतं. ते बघून झाल्यावर बोलणी सुरू झाली.

तेव्हापासून मी नव्या शत्रूसमोर आधी साध्या कपड्यात जातो. जिंकायला नाही, बघायला. पाच-सहा वेळा मरायचं आणि दर वेळी लक्षात ठेवायचं की मेलो कशाने. मग यादी उघडायची. देखणेपणाही मला सोडवत नाही. चार ठिकाणची चार ठिगळं जोडलेला माझा माणूस मला बघवत नाही. म्हणून वरून साधा झगा आणि आत कामाचं काही, अशी जुळणी मला फार आवडते. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्यावरच्या वस्त्राखाली लोखंडी टोप घालून गेले होते. अफझलखानाचा वार त्या चिलखतावरून निसटला. वरून बघणाऱ्याला भेटीला आलेला माणूस दिसत होता. त्यांनी काय घातलं याइतकंच मला हे मोलाचं वाटतं की त्या दिवशीचा धोका कुठल्या बाजूने आणि किती जवळून येणार हे त्यांनी आधी ओळखलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला. त्याला हावेलसारखंच काहीतरी हवं होतं, सगळ्यांत जड. ‘एल्डन रिंग’मधला लाव्हा ओकणारा मॅग्मा वर्म मकार त्याला पुढे जाऊ देत नव्हता. मी म्हटलं, कपड्यांवर जा आधी. कुरकुर करत गेला. नऊ वेळा मेला. मग म्हणाला, “मामा, तलवारीने नाही मरत मी. तो आडवा होऊन लाव्हा सांडतो ना, त्यातच उभा राहतो मी.” मग आम्ही दोघांनी मिळून आगीचा रकाना तेवढा बघत एकेक भाग लावला. ७१.३ झालं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. त्याने हातमोज्यांवर चौकट नेली, काढले. ६८.९.

धुक्याच्या दारातून आत गेला आणि तिसऱ्याच मिनिटाला मेला. पण या वेळी कोलांटी वेळेवर निघाली होती, फक्त उजवीकडे निघाली. “डावीकडे हवी होती,” तो स्वतःशीच म्हणाला आणि परत दारात जाऊन उभा राहिला.