कंपाइलची ओळ

पाटणच्या मुलांना टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, समजावून सांगावा लागत नाही. पावसाळा लागला की कोयनेचा साठा किती झाला, नवजाला रात्रीत किती मिलिमीटर पडला, हे त्यांना तोंडपाठ असतं. म्हणून सी भाषा शिकवताना मी उदाहरणं तिथलीच घेते. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, साठा १०५ झाला की ‘धरण भरलं’ असं छापायचं. एका मुलीने ‘इफ’च्या कंसात दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह टाकलं. सीला ते चालतं. तुलना न होता साठ्यातच १०५ भरले जातात आणि भर मे महिन्यातही धरण भरलेलंच दिसतं. जीसीसी हा कंपाइलर चकार शब्द बोलला नाही. कमांडमध्ये ‘-वॉल’ लिहिलं, तेव्हा नेमक्या त्या ओळीवर इशारा आला.

कंपाइल कमांड हा प्रोग्रामचाच भाग आहे, असं मी मानते. पण एडिटर ती बटणामागे ठेवतात. जीनी या एडिटरमध्ये ‘बिल्ड’ मेनूखाली ‘सेट बिल्ड कमांड्स’ उघडलं की ती दिसते: ‘%एफ’च्या जागी फाइलचं नाव येतं, ‘%ई’च्या जागी एक्स्टेंशन काढलेलं नाव. सोय चांगलीच आहे. तरी सुरुवातीला मी बटण दाबू देत नाही, आख्खी ओळ टर्मिनलवर लिहून घेते.

त्याचा उपयोग वर्गमुळापाशी कळतो. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरच्या पावसाचं प्रमाण विचलन काढायचं, तर ‘एसक्यूआरटी’ लागतं. लिनक्सवर त्यासाठी गणिताची लायब्ररी जोडावी लागते: ‘-एलएम’, आणि तेही फाइलच्या नावानंतर, कारण लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. गंमत अशी, की ‘एसक्यूआरटी’च्या कंसात थेट २ लिहिलं तर जीसीसी उत्तर स्वतःच काढून ठेवतो आणि ‘-एलएम’ नसतानाही प्रोग्राम चालतो. २ च्या जागी व्हेरिएबल आलं की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. मुलं कोड तपासत बसतात. कोड बरोबरच असतो.

दुरुस्त कोडपायी वेळ घालवणं जुनंच आहे. बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सनची अख्खी सकाळ अशीच गेली होती: चूक सुधारलेली, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. त्यावरून स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ साली ‘मेक’ लिहिलं: बदललेल्या फाइल्स ओळखून त्या पुन्हा कंपाइल करणारं साधन.

आजही मला मेकच सर्वांत भरवशाचं वाटतं. एका फाइलच्या प्रोग्रामला मेकफाइलमध्ये तीन ओळी पुरतात: ‘ऑल:’पुढे प्रोग्रामचं नाव, ‘सीफ्लॅग्ज’मध्ये ‘-वॉल -जी’ आणि ‘एलडीलिब्ज’मध्ये ‘-एलएम’. क्रम मेक सांभाळतं. जीनीचं मेक बटण हीच फाइल वाचतं. ईमॅक्स या एडिटरची मूळची कंपाइल कमांडही ‘मेक -के’च आहे. सीची आवृत्तीही ‘-एसटीडी’ने ‘सीफ्लॅग्ज’मध्येच लिहावी. २०२५ च्या जीसीसी १५ ने न सांगता सी२३ धरायला सुरुवात केली, आणि त्यात ‘बूल’ हा राखीव शब्द आहे. त्या नावाचं व्हेरिएबल असलेला जुना प्रोग्राम नव्या मशीनवर अडतो.

एडिटरमधलं सेटिंग बहुतेकदा त्या मशीनवरच राहतं. मुलगी कॉलेजच्या लॅबमधून ढेबेवाडीला घरी गेली की सोबत जातो तो फक्त फोल्डर. तेव्हा आज आपल्या एडिटरचं बिल्ड सेटिंग उघडा, त्यातली कमांड शब्दन् शब्द वाचा, आणि ती कोडशेजारी मेकफाइलमध्ये लिहून ठेवा.