तांब्याची रेघ

स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो तेव्हा आम्हा वर्गमित्रांना प्रथम आठवला तो अभ्यासिकेतील दिवा. वीज वारंवार जात असे. म्हणून बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा दिवा आम्ही दहावीत असताना तयार केला. तांब्याचा थर असलेले बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून त्यावरील ट्रॅक आम्हीच कोरले. बॅटरी १०.८ व्होल्टपर्यंत उतरली की दिवा आपोआप बंद व्हावा, अशी त्यात योजना होती.

दिवा मात्र वेळेआधीच विझे. बॅटरी चार्ज करण्याचे काम आठवीतील एका मुलाकडे होते. दोष त्याचाच, असे ठरवून आम्ही त्याला सर्वांसमोर बोललो. तो मान खाली घालून उभा राहिला.

विज्ञानाच्या सरांनी एवढेच विचारले, "कालामसुत्तावर विहारात तुम्हीच बोलता ना? मग तपासल्यावाचून कसे मानलेत?" आणि फळ्यावर हिशेब मांडला.

आमच्या बोर्डावरील तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा. या जाडीचा चौरस लहान असो वा मोठा, त्याचा रोध सुमारे अर्धा मिलिओहमच. कारण लांबीने रोध जितका वाढतो तितकाच रुंदीने घटतो. आमची रेघ अर्धा मिलिमीटर रुंद, जाऊन-येऊन २५ सेंटीमीटर लांब. म्हणजे एकापुढे एक ५०० चौरस. रोध पाव ओहम! दिव्याला दोन अँपिअर लागत. अर्धा व्होल्ट रेघेतच खर्ची पडे, एक वॅट उष्णतेत जाई. शिवाय तांबे तापले की दर अंशाला रोध सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो.

मल्टिमीटरच्या वायरींनाही रोध असल्याने पाव ओहम त्यावर थेट नीट मोजता येईना. म्हणून दिवा चालू ठेवून बॅटरीपाशी आणि रेघेच्या शेवटी व्होल्टेज मोजले. फरक अर्ध्या व्होल्टहून किंचित अधिकच भरला. बॅटरीत ११.३ व्होल्ट असतानाच आमचे सर्किट तिला रिकामी समजत होते. आम्हीही त्या मुलाला तसेच समजलो होतो.

रेघेवर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सोल्डर केली. घट एक शतांश व्होल्टच्याही आत आली. त्या रात्री अभ्यास संपेपर्यंत दिवा जळला. दुसऱ्या दिवशी, जिथे बोललो होतो तिथेच, सर्वांसमोर आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, "दादा, पुढचा बोर्ड मलाही शिकवा."

आज आमच्यापैकी कित्येकांचे पोट याच विद्येवर चालते. कुठे बिघाड झाला की आम्ही आधी माणसाकडे नव्हे, रेघेकडे पाहतो. ती सवय या विद्यालयाची देणगी आहे.