हिमालयाचा सातबारा

तुळशीच्या लग्नात काही घरी शाळिग्राम मांडतात. तो काळा, गुळगुळीत दगड कधी निरखून पाहिलात? कित्येकांवर चक्रासारखी वळी असतात. ती एका समुद्री जीवाच्या शंखाची खूण आहे. आणि शाळिग्राम सापडतो तो मात्र नेपाळात, हिमालयातल्या काली गंडकी नदीत! समुद्रातला शंख डोंगरावर कसा? ते पाहायला चला हिमाचल प्रदेशातल्या स्पितीला. तिथंही त्याच काळातले काळे थर उघडे पडले आहेत.

काझा हे स्पितीतलं मोठं गाव १२ हजार फुटांवर. तिथून चढून लांग्झाला गेलात की साडेचौदा हजारांच्या आसपास पोहोचता. आपलं कळसूबाई साडेपाच हजारांच्या आतच! झाड औषधालाही मिळणं कठीण. वितळल्या बर्फाचं पाणी पाटानं आणून माणसं जव आणि वाटाणा पिकवतात. वर्षाला पीक एकच. परिसरातल्या उतारांवर काळा, ठिसूळ दगड झिजून त्यातले टणक गोटे बाहेर पडलेले असतात. एखादा फुटला की आत मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला शंख! हा अमोनाइट, कोकणातल्या माकुलाचा दूरचा भाऊबंद. आज त्याचा वंश उरलेला नाही.

सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी इथं टेथिस नावाचा समुद्र होता. जीव मेला की शंख तळच्या गाळात रुतायचा. भोवती क्षार साचून घट्ट गोटा बने, म्हणून तो चिरडला गेला नाही. गाळाचा दगड झाला. पुढं भारताची भूमी उत्तरेकडे सरकत आली आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडली. मध्ये सापडलेल्या समुद्रतळाला घड्या पडल्या, तो वर उचलला गेला. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात असा शंख शोधू नका. तो कातळ थंड झालेल्या लाव्ह्याचा आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फर्डिनांड स्टोलिचका यांनी १८६० नंतरच्या दशकात हे डोंगर धुंडाळले आणि या थराला स्पितीचं नाव दिलं. पुढं १९०३ ते १९१० या काळात व्हिक्टर उलिग यांनी इथल्या शंखांवर मोठे ग्रंथ लिहिले. कोणत्या थरात कोणत्या जातीचा शंख, यावरून थराचं वय ठरतं.

आणि इथंच खरी काळजी आहे. येणारे पाहुणे हे गोटे विकत घेतात, खिशात घालून नेतात. पण गट नंबर नसलेला सातबारा तलाठ्यापुढं ठेवून काय उपयोग? थरातून उपटलेल्या शंखाचं तसंच. तो शोभेला उरतो, साक्षीला नाही. शिवाय नवं पीक यायचं नाही. हे बी पुन्हा रुजत नसतं.

तेव्हा कधी स्पितीला गेलात तर गोटा हातात घ्या, मुलांना दाखवा आणि होता तिथंच ठेवा. घरी शाळिग्राम असेल तर येत्या तुळशीच्या लग्नात नातवंडांना त्याची ही जन्मकथा जरूर सांगा.