कुंदगोळच्या फलाटावर

मुलांनो, तुमच्या वर्गात एखादं तरी छान गाणारं मूल असेलच. प्रार्थनेला त्यालाच पुढं उभं करतात. स्नेहसंमेलनात स्वागतगीतही त्याचंच. पाहुणे टाळ्या वाजवतात, एखादं पेन बक्षीस देतात आणि म्हणतात, "वा! तू मोठेपणी नक्की गवई होणार बरं का!"

पण गवई व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं? कुठं जायचं? कुणाला भेटायचं? ते मात्र पाहुणे सांगत नाहीत. चहा पिऊन निघून जातात!

आमच्या शाळेत सहावीत अशीच एक मुलगी आहे. आमचं गाव मिरजेजवळचं. आठवड्यातून तीन दिवस ती एसटीनं मिरजेला गाणं शिकायला जाते. तिचे वडील शिंपीकाम करतात. एकदा ते शाळेत आले. हातातली टोपी फिरवत म्हणाले, "बाई, पोरगी गाते चांगली, ते मला बी कळतंय. पण गाऊन पोट भरतंय व्हय? खरं काय ते सांगा."

मला चटकन उत्तर देता येईना. डी.एड. करताना मी पेटीवर प्रार्थना वाजवण्यापुरतं शिकले, तेवढंच माझं संगीत! मी म्हटलं, "भाऊ, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. पण एका गावात ते सापडेल असं वाटतं. दिवाळीच्या सुट्टीत येता का माझ्याबरोबर?"

त्या गावाचं नाव कुंदगोळ. कर्नाटकातल्या धारवाड जिल्ह्यात, हुबळीपासून साधारण २० किलोमीटरवर आहे ते.

ती मुलगी, तिचे आईवडील आणि मी, अशी चौघं सकाळी मिरजेला गाडीत बसलो. मिरज म्हणजे तर गाण्याचंच गाव! सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे तयार होतात. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. विष्णु दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली म्हणून उपचारासाठी मिरजेला आले आणि इथंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. डोळ्यांच्या औषधासाठी आलेला मुलगा पुढं देशभर संगीताच्या शाळा काढणारा मोठा माणूस झाला. गाडीत मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा शिंपीभाऊ म्हणाले, "म्हंजे त्यांना बी कुणीतरी शिकवलं, ठेवून घेतलं, तवाच झालं की."

हे वाक्य लक्षात ठेवा हं. पुढं लागणार आहे!

घटप्रभा गेलं, बेळगाव गेलं. लोंढ्याजवळ दोन्ही बाजूंना दाट झाडी आली. मग अळणावर, धारवाड करत आम्ही हुबळीला उतरलो. पाट्यांवर आता 'हुब्बळ्ळी' असं लिहितात. आणि फलाट केवढा! तब्बल १५०७ मीटर लांब. २०२३ मध्ये त्याचं उद्‌घाटन झालं, तेव्हा तो जगातला सर्वांत लांब फलाट ठरला. आमची मुलगी चालून चालून दमली. शेवटी रस्त्यावरच्या गाड्यावर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि गरम मिरची भजी खाल्ली, तेव्हा कुठं तिच्या पायांत जोर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदगोळची बस धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन. कुठं कापूस, कुठं मिरची. तासाभरात गाव आलं. गाव तालुक्याचं, पण मोठं नाही. बाजार, बसस्थानक, जुनं दगडी शंभुलिंग मंदिर. पहिल्यांदा पाहिलं तर तुम्ही म्हणाल, "बाई, इथं काय आहे बघायला?"

इथं आहे नाडगीरांचा वाडा!

जाड भिंती, आत लाकडी खांब. बाहेर एक आजोबा बसले होते. शिंपीभाऊंना मोडकंतोडकं कानडी येतं. त्यांनी विचारलं, "गाणं इथंच व्हायचं का?" आजोबांनी वाड्याकडे हात केला आणि कानडीत भरभर काहीतरी सांगितलं. आम्हांला त्यातलं 'खानसाहेब' आणि 'भीमण्णा' एवढंच कळलं. पण तेवढं पुरे होतं!

आता गोष्ट ऐका. १८८६ मध्ये या गावात रामचंद्र नावाचा मुलगा जन्मला. त्याचे वडील नाडगीरांकडे कारकुनी करायचे. वाड्याचे मालक गाण्याचे शौकीन. त्यांच्याकडे किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब यायचे, गायचे. कारकुनाच्या मुलाला तिकीट काढून असं गाणं ऐकता आलं असतं का? पण वाड्याचं दार उघडं होतं. रामचंद्रानं खाँसाहेबांचं गाणं ऐकलं आणि तो वेडावून गेला. खाँसाहेबांनी त्याला शिष्य केलं, पण एक अट घातली. माझ्याकडे आठ वर्षं शिकावं लागेल!

आठ वर्षं! म्हणजे पहिलीपासून आठवीपर्यंत! रामचंद्र कबूल झाला. त्याचा आवाज काही सहज वळणारा नव्हता, असं जाणकार सांगतात. त्यानं तो मेहनतीनं वळवला. पुढं मराठी संगीत नाटकांत त्याचं नाव गाजलं आणि लोक त्याला 'सवाई गंधर्व' म्हणू लागले.

"आठ वर्षं पोट कसं भरलं?" शिंपीभाऊंनी मला बरोबर पकडलं. मी म्हटलं, "भाऊ, शिष्य गुरूच्याच घरी राहायचे. जेवण गुरूकडे आणि घरची कामंही शिष्यांनीच करायची. पुढं नाटक कंपनीनं हात दिला."

ते काही बोलले नाहीत. आत जाऊन खांबाला हात लावून उभे राहिले.

सवाई गंधर्व पुढं कुंदगोळला परत आले आणि आता त्यांच्याकडे मुलं शिकायला येऊ लागली. त्यांत गदगचा एक मुलगा होता. त्याचे वडील शिक्षक. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून त्यानं गाण्याचा असा ध्यास घेतला, की १९३३ मध्ये, वयाच्या ११ व्या वर्षी, गुरू शोधायला तो घरातून पळाला! (मुलांनो, तुम्ही मात्र असं करू नका. तेव्हाही त्याच्या आईवडिलांच्या जिवाला घोर लागला होताच.) कधी आगगाडीत गाणी म्हणत, कधी उपाशी राहत तो ग्वाल्हेरला गेला, आणखी कुठं कुठं फिरला आणि थेट पंजाबात जालंधरला पोचला. तिथं त्याला विनायकराव पटवर्धन भेटले. हे मूळचे मिरजेचे आणि पलुस्करांचेच शिष्य. ते म्हणाले, अरे, तू इतक्या लांब कशाला आलास? तुझ्या घराजवळ सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा!

तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. कुंदगोळला राहून त्यांनी पाणी भरलं, पडेल ते काम केलं आणि तासन्‌तास रियाज केला.

दुसऱ्या शिष्या गंगूबाई हनगल. त्या हुबळीला राहायच्या आणि आगगाडीनं कुंदगोळला शिकायला यायच्या. शाळा फक्त पाचवीपर्यंत झालेली. त्यांच्या आई अंबाबाई स्वतः कर्नाटक संगीत उत्तम गायच्या. पण मुलगी हिंदुस्थानी गाणं शिकतेय, तिच्या कानावर दोन्ही पडून तिचा गोंधळ होऊ नये, म्हणून आईनं आपलं गाणंच थांबवलं!

हे सांगितलं, तेव्हा आमच्या मुलीच्या आईनं पदर डोळ्यांना लावला.

सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीनिमित्त या वाड्यात रात्रभर गाणं रंगतं. ज्या गावात शिकले, तिथं येऊन भीमसेनजी आणि गंगूबाईही गायच्या. त्यांच्यासारख्या नामवंतांच्या बैठकीत एखाद्या नव्या मुलाला अर्धा तास मिळाला, तर त्याला काय वाटत असेल, विचार करा!

संध्याकाळी आम्ही रेल्वे स्टेशनवर आलो. हुबळीचा फलाट आठवतो ना? इथला अगदी इवलासा. एक लिंबाचं झाड, दोन बाकं आणि पलीकडं शेतं. पॅसेंजरला अवकाश होता. मी म्हटलं, "सांगतात, की गंगूबाई शिकवणी संपवून परत निघाल्या, की लहानगा भीमसेन त्यांना सोडायला स्टेशनवर यायचा. आणि वाटेत विचारायचा, अक्का, आज गुरुजींनी तुम्हांला काय शिकवलं? मग त्या म्हणून दाखवायच्या आणि तो मनात साठवून घ्यायचा."

"याच फलाटावर?" मुलीनं विचारलं.

"याच वाटेनं."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग हळूच तिनं आपल्या गाण्याच्या बाईंनी दिलेला पलटा सुरू केला. एकच पलटा, पुन्हा पुन्हा. आधी मान खाली घालून, मग सरळ बसून. शेंगा विकणारा माणूस पाटी खाली ठेवून ऐकू लागला. एका जागी तिचा स्वर घसरला. ती थांबली आणि पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा घसरला. पुन्हा पहिल्यापासून! गाडीची शिटी ऐकू आली तेव्हा कुठं तिला तो बरोबर जमला.

शिंपीभाऊ लांब उभे राहून पाहत होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "बाई, काज चुकलं की मी बी असंच उसवून परत करतो." एवढंच. पण माझ्या मनात आशेचा दिवा लागला.

परतीच्या दिवशी सकाळी आम्ही हुबळीतच उणकलजवळचं गंगूबाई हनगल गुरुकुल पाहिलं. गंगूबाई २००९ मध्ये गेल्या. त्यांच्या नावानं कर्नाटक सरकारनं २०११ मध्ये हे सुरू केलं. इथं शिष्य गुरूजवळ राहून शिकतात. सवाई गंधर्वांच्या घरी जे चालायचं, तेच आता सरकारनं चालवलंय म्हणा ना!

गाडीत मी वहीचं एक पान काढलं आणि शिंपीभाऊंना एकेक पायरी लिहून दिली. तुम्हीही वाचा, तुमच्या आईबाबांनाही वाचायला द्या.

पहिली पायरी, रोजचा रियाज आणि चांगले गुरू. दुसरी, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत. पुढं शिकवण्याचं काम करायचं तर त्या उपयोगी पडतात. तिसरी, शिष्यवृत्ती. दिल्लीची सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र ही सरकारी संस्था १० ते १४ वर्षांच्या गुणी मुलांना संगीत आणि इतर कलांसाठी शिष्यवृत्ती देते. चौथी, आकाशवाणी. तिथं आवाजाची चाचणी घेऊन कलाकाराला श्रेणी देतात. भीमसेनजीही १९४३ मध्ये मुंबईला जाऊन रेडिओवर कलाकार म्हणून काम करत होते, बरं का!

आणि पाचवी, मोठं व्यासपीठ. १९४६ मध्ये पुण्यात गुरूंच्या साठीच्या समारंभात भीमसेनजी गायले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. तेव्हा ते २४ वर्षांचे होते. म्हणजे घर सोडल्यापासून १३ वर्षांनी! सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू झाला, तोच आजचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. भीमसेनजींनी तो वर्षानुवर्षं सांभाळला. तिथं बहुतेक वेळा सत्राची सुरुवात एखाद्या तरुण कलाकारानं होते. सकाळी ज्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, ते संध्याकाळी सगळ्या मांडवात घेतलं जातं.

शिंपीभाऊंनी पान दोनदा वाचलं. म्हणाले, "म्हंजे पोट लगेच भरत न्हाई. दहा-बारा वर्षं कुणीतरी धरून ठेवावं लागतंय."

"हो भाऊ. खरं ते हेच आहे."

"आणि एवढं करून बी सगळेच भीमसेन होत न्हाईत."

"नाही होत. कुणी शिक्षक होतात, कुणी साथ करतात, कुणी नोकरी सांभाळून गातात."

त्यांनी पानाची घडी घालून खिशात ठेवली. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

दिवाळीची सुट्टी संपली. गाण्याच्या बाईंनी आपला एक जुना तंबोरा मुलीला घरी रियाजाला दिला होता. त्याची गवसणी पार फाटलेली. शाळा सुरू झाली त्या दिवशी शिंपीभाऊ स्वतः तो खांद्यावर घेऊन मला दाखवायला आले. अंगावर नवी कोरी निळी गवसणी! आतून मऊ अस्तर, भोपळ्यापाशी जाड कापसाची गादी, आणि एका बाजूला वही ठेवायला खास खिसा.

मी विचारलं, "भाऊ, शिलाई किती झाली?"

ते हसले. म्हणाले, "बारा वर्षं टिकंल अशी शिवलीय, बाई."

मुलांनो, तुमच्या वर्गातलं ते गाणारं मूल आठवतंय ना? उद्या त्याला नुसत्या टाळ्या देऊ नका. मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसा आणि भीमण्णासारखं विचारा, "काय रे, आज काय शिकलास? म्हणून दाखव ना!"