लॅमिंग्टन रोडवर एक दुपार

आम्ही नाशिककर मुंबईला जातो ते लग्नाच्या साड्या घ्यायला, नाही तर एखाद्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला. मी मात्र गेल्या महिन्यात पंचवटीने गेले ती हार्ड डिस्क आणायला!

त्याचं असं झालं. आमच्या लॅपटॉपची साठवण २५६ जीबीची. मोटारींच्या शर्यतीचा ‘फोर्झा होरायझन ५’ हा एकच खेळ ११० जीबी जागा मागतो. सातवीतल्या चिरंजीवांनी जागा करायला म्हणून ‘जुनं काहीतरी’ पुसून टाकलं. त्या जुन्यात माझ्या सासूबाईंचे व्हिडिओ होते. गोडा मसाला भाजताना, मध्येच मला रागावताना. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. कॉम्प्युटरची कचराटोपली रिकामी करायची राहिली होती म्हणून सगळं परत मिळालं, पण त्या अर्ध्या तासात ह्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्याच रात्री ठरलं, वेगळी डिस्क घ्यायची. मात्र सहा हजारांच्या आत.

दादरला उतरून धीमी लोकल धरली आणि ग्रँट रोडला पूर्वेकडे बाहेर पडलो. तिथून चालत पाच-सात मिनिटं. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण विचारायचं लॅमिंग्टन रोड असंच. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव लोकांच्या तोंडातून काही जात नाही. ‘शोले’ ज्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला, ते थिएटर याच रस्त्यावर होतं. आता ते नाही. माझ्या आईने तिथे तो पाहिला होता, म्हणून मी उगीचच इकडेतिकडे बघून घेतलं.

बाकी रस्ता म्हणजे वायरींचा भाजीबाजार! फुटपाथवर रिमोट, अ‍ॅडाप्टर, जुड्या बांधलेल्या केबली. माजघराएवढी दुकानं, आणि खोक्यांनी भरलेल्या हातगाड्या “बाजू, बाजू” करत अंगावर येतात. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा जाल तर शनिवारी जा.

पहिल्याच दुकानात एकाने सुटी, खोक्याबाहेरची डिस्क पुढे केली. “ताई, बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल.” मी हात जोडले. दुसरीकडची वापरलेली डिस्क पुसून-झटकून नवी म्हणून विकतात, हे भाच्याने बजावून ठेवलं होतं. डिस्क किती तास चालली ते तिच्यातच नोंदलेलं असतं आणि कॉम्प्युटरला जोडून फुकटच्या प्रोग्रॅमने वाचता येतं. फुटपाथवर दोन टीबीचा पेनड्राइव्ह पाचशेला मिळत होता. चिरंजीव लागले ओढायला! असल्या मालावर आकडा खोटा असतो. भरत गेलं की आतलं नासतं.

चौथ्या दुकानातले कच्छी काका भले निघाले. गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून असेल, नीट समजावून सांगितलं. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं. ती झपाट्याने चालते, पण तेवढ्याच जागेला पैसे बरेच जास्त. साध्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात, म्हणून ती हळू. मला ते लगेच पटलं. एसएसडी म्हणजे ओट्यावरचा डबा, हार्ड डिस्क म्हणजे माळा. रोजचा खेळ लॅपटॉपवर, बाकीचे माळ्यावर. लागेल तेव्हा खाली काढायचे. म्हणजे पुन्हा इंटरनेटवरून उतरवत बसायला नको. काही नवे खेळ तर हार्ड डिस्कवरून धड चालतही नाहीत, एसएसडीच मागतात. माझ्या बहिणीकडे प्लेस्टेशन ५ आहे, तिच्यासाठीही विचारून घेतलं. त्याचे खेळ अशा बाहेरच्या डिस्कवर नुसते ठेवता येतात, तिच्यावरून खेळता येत नाहीत.

काकांनी दोन आकारांच्या डिस्का दाखवल्या. मोठीला भिंतीतल्या प्लगची वेगळी वीज लागते, लहान अडीच इंची लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालते. आम्ही लहान घेतली. दोन टीबीची किंमत दुप्पट नव्हती, म्हणजे हिशेबाने तीच स्वस्त. पण स्वस्त पडतो म्हणून दहा किलो रवा आणला की त्याला किडे होतात, हे आपल्याला ठाऊक आहे! एक टीबीच घेतली. पक्कं बिल, त्यावर डिस्कचा नंबर, तीन वर्षांची वॉरंटी. वॉरंटी डिस्कची असते हं, आतल्या मालाची नाही, हेही काकांनीच सांगितलं.

परतीच्या पंचवटीत डिस्क मांडीवर धरून बसले. घरी जोडली तर कॉम्प्युटर ९३१ जीबी दाखवायला लागला. “आई, फसवलं!” पण कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ ने, एवढाच तो घोळ.

चालू असताना तिला हलवायचं नाही, हा नियम फ्रिजवर चिकटवलाय. आधी सासूबाईंचे व्हिडिओ तिच्यावर उतरवले, लॅपटॉपवरचेही तसेच ठेवले आणि आणखी एक प्रत नणंदेकडे पाठवली. मग तो ११० जीबीचा खेळ. त्याला वीसेक मिनिटं लागली, तेवढ्यात माझी कणीक मळून झाली. मागून आवाज आला, “अगं, मोहरी करपली!” वळून पाहते तर चिरंजीव आजीचा व्हिडिओ लावून बसले होते.